सात नंबरवरून गेलेले निरोप

माझा स्वभाव संशयी आहे. बायको म्हणते, आरशातल्या माणसालाही मी आधी ओळखपत्र मागेन. मागेन की! सैन्यासाठी बिनतारी सेट बनवणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे, तिथे हा स्वभाव शोभतो. आमच्या सेटना टॉवर लागत नाही. एकाचा निरोप दुसरा पुढे ढकलतो. मधला एखादा बंद पडला, तर निरोप आपोआप तिसऱ्याकडून वाट काढतो.

चाचणी डोंगराळ माळावर होती. एका टोकाला नियंत्रणाची गाडी, दुसऱ्या टोकाला जवानांची चौकी आणि मध्ये पाठीवर सेट घेतलेले आम्ही दहा जण. प्रत्येकाची जागा ठरलेली. माझा नंबर चार. सात नंबर मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाकडे. त्याला इथे मीच चिकटवलं होतं, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही.

निकाल झकास लागला. एकही निरोप हरवला नाही. पण चाचणी संपताच सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला बोलावून एक तक्ता पुढे सरकवला. दोन ते तीन या वेळेत झाडून सगळे निरोप एकट्या सात नंबरवरून गेले होते.

"सेटमध्ये फेरफार केला, तर सगळे निरोप स्वतःकडे ओढता येतात?" त्यांनी विचारलं.

"येतात, साहेब."

"हा माणूस त्या वेळी ठरलेल्या जागेवर नव्हता. कड्यावर जाऊन बसला होता. का, ते सांगत नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात जेवताना मेहुण्याने मला खोदून खोदून विचारलं होतं, सेट वाट कशी निवडतो म्हणून. मी तेही साहेबांना सांगून टाकलं. नातेवाइकाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, याचीच मला घाई.

"सगळ्या सेटच्या आतल्या नोंदी तासाभरात आणा," अधिकारी म्हणाले. "नोकरी तर जाईलच, पण फेरफार निघाला तर कोठडीही."

व्हरांड्यात मेहुणा बाकावर बसला होता. सदऱ्यावर घामाचे पांढरे डाग.

"काय लपवताय?" मी विचारलं.

"काही नाही, भावोजी. चहा मिळतो का बघा."

चहा! कुंपणच शेत खातं आणि वर चहा मागतं, असं मी मनात म्हणालो.

कार्यशाळेत मी आधी त्याचाच सेट उघडला. फेरफाराचा मागमूस नव्हता. मग बाकीचे नऊ उघडले. एक वाजून चाळीस मिनिटांनी चार नंबर बंद. मग दोन नंबर, मग नऊ. दोन वाजेपर्यंत सात सोडून सगळे बंद.

चार नंबर, म्हणजे मी. जेवण झालं होतं, सेटने पाठ भाजत होती. म्हटलं, एकाने तासभर बंद ठेवला तर काय बिघडतं, निरोप दुसऱ्याकडून जाईल. आम्ही नऊही जणांनी नेमकं हेच म्हटलं होतं.

मेहुण्याच्या सेटच्या पडद्यावर एकेक नंबर विझत गेला असणार, पहिला माझा. कड्यावरून गाडीही दिसते, चौकीही दिसते. भर उन्हात तो तिथे चढला आणि तासभर एकट्याने दोन्ही टोकं सांभाळली. का चढला हे सांगितलं असतं, तर सगळ्यात आधी माझं नाव आलं असतं.

नोंदी निघाल्याच नाहीत, एवढं एक वाक्य मला पुरलं असतं. ते मी मनात दोनदा घोळवलं. स्वतःची लाज वाटत होती, तरी घोळवलं.

मग अधिकाऱ्यांसमोर उभा राहिलो. "फेरफार नाही, साहेब. बाकीचे सगळे सेट बंद होते. पहिला चार नंबर. तो माझा."

त्यांनी बराच वेळ नोंदी वाचल्या. "म्हणजे चाचणी फुकट गेली," ते म्हणाले. "त्यांना घरी जाऊ द्या. तुम्ही थांबा."

मी व्हरांड्यात येऊन मेहुण्याला ते सांगितलं.

"कशाला बोललात?" तो उठत म्हणाला.

"तुम्ही का नाही बोललात? माझा सेट बंद पडलेला दिसला होता ना?"

"दिसला. मला वाटलं, तुम्हाला ऊन लागलं. आधी तुमच्याकडेच धावत आलो होतो, भावोजी. तोंडावर टोपी घेऊन घोरत होतात. उठवावंसं वाटलं नाही."