झाकणाच्या आतली खूण

सुहास साहेबांनी शरदरावांच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर घड्याळ ठेवलं. "शरदकाका, उघडून सांगा. खरं की नकली?"

त्यांच्या मागे राजेंद्र उभा होता. तो कापडे गावचा, महाडच्या औद्योगिक वसाहतीत साहेबांच्याच कारखान्यात कामाला. चार दिवसांपूर्वी हात धुताना साहेबांचं बेसिनपाशी राहिलेलं हे घड्याळ त्याला सापडलं आणि त्याने ते स्वतः नेऊन साहेबांना दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या एका पाहुण्याने ते नकली ठरवलं. मग सगळे म्हणू लागले, राजेंद्रने खरं घड्याळ ठेवून घेतलं आणि नकली परत केलं. त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

शरदरावांनी घड्याळ न उघडताच ओळखलं. गेल्या वर्षी ते बंद पडलं तेव्हा साहेबांची बायको चारुशीला ते घेऊन आली होती. तिच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं स्विस घड्याळ. आत मात्र स्वस्तातली मशीन निघाली. चारुशीला स्टुलावर बसत म्हणाली होती, "बाबा आता नाहीत. त्यांना हे माहीत होतं, की त्यांनाच कोणी फसवलं, आता कोणाला विचारू? काका, घरात कोणाला कळू देऊ नका." त्यांनी शब्द दिला होता.

नकली एवढंच सांगून गप्प बसलं, तर राजेंद्र चोर ठरत होता. खरं म्हटलं, तर मुंबईतल्या कुठल्याही दुकानात ते उघडं पडलं असतं. शरदराव उगाच भिंग पुसत राहिले.

"काका, माझी पोरगी बारावीला हाय," राजेंद्र हळूच म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा नाय."

शरदरावांनी मागचं झाकण उघडून साहेबांसमोर धरलं. आत सुईने कोरलेली बारीक अक्षरं होती. "ही माझी खूण. दुरुस्तीची तारीख गेल्या वर्षीची. घड्याळ नकली आहे, पण तेव्हाही हेच होतं. याने बदललेलं नाही."

"गेल्या वर्षी? कोणी आणलं होतं?"

शरदराव झाकण परत बसवू लागले. बायकोशिवाय ते दुसरं कोण आणणार, हे साहेबांना उमगलं. त्यांचा चेहरा उतरला. "राजेंद्र, उद्या पहिल्या पाळीला ये."

"येतो साहेब. पण गेटवर सगळ्यांसमोर माझी झडती घेतली. तसंच सगळ्यांसमोर सांगा, मी चोर नाय म्हणून."

साहेबांनी मान डोलावली आणि गाडीत बसून निघून गेले.

शरदरावांनी चारुशीलाला फोन लावला. "पोरी, मी तुझं नाव घेतलं नाही. पण त्यांना कळलं."

चारुशीलाने आधी विचारलं, "त्या माणसाची नोकरी राहिली?"

"राहिली."

"मग तुम्ही बरोबर केलंत, काका." ती म्हणाली. "फक्त बाबांबद्दल काय सांगू, तेवढं सुचत नाहीये."

तिच्या घराच्या फाटकाशी साहेबांची गाडी थांबल्याचा आवाज फोनमधून शरदरावांनाही ऐकू आला.