क्षितिगर्भाची काठी

हुपरीत आमच्या घरी नवरा पैंजण घडवतो आणि मी ते कानाशी वाजवून बघते. आवाज बसका आला की पैंजण परत भट्टीत. तीन वर्षांची आमची शबनूर तापानं गेली, तेव्हापासून मी एकही पैंजण कानाशी धरलं नव्हतं.

परवा कोल्हापूरच्या अंतराबाई चांदीची काठी करून घ्यायला आल्या. त्यांच्या घरातल्या क्षितिगर्भ बोधिसत्त्वाच्या मूर्तीच्या हातात ठेवायला, वीतभर लांब, वर सहा कड्या असलेली.

"मेलेल्या लेकरांना तो सांभाळतो," त्या म्हणाल्या. "कड्या वाजल्या की अंधारातली लेकरं त्या आवाजाच्या मागं मागं चालत येतात."

"असलं काय सांगू नका इथं!" मी खेकसले. नवऱ्यानं मात्र ऑर्डर घेतली.

आज त्या काठी न्यायला आल्या. नवऱ्यानं ती माझ्यापुढं धरली. "खतिजा, वाजवून बघ की."

"मी न्हाय वाजवणार! तुमाला कान न्हाईत व्हय?"

त्यानं काठी माझ्यापुढंच धरून ठेवली. शेवटी मी रागानंच काठी हिसकावली आणि कानाशी हलवली. कड्या स्वच्छ किणकिणल्या.

मी मागं वळून उंबऱ्याकडं बघितलं. माझ्या आधीच अंतराबाई वळल्या होत्या.