आचाऱ्याचा चेहरा

सेंट ऑस्मंड कॉलेजच्या चॅपलची दक्षिण भिंत उन्हात मधासारखी दिसे. पण तिचा दगड आतून भुसभुशीत झाला होता. छपराखाली रांगेने कोरलेली राजांची आणि बिशपांची मस्तके नाके गमावून बसली होती. रांगेतले शेवटचे, नाक अजून शाबूत असलेले मस्तक अमॉस टकवेलचे. भिंतीची डागडुजी निघाली की कॉलेजातल्या एखाद्या नोकराचा चेहराही तिथे कोरायचा, अशी जुनी रीत होती. मागच्या खेपेस तो मान आचारी अमॉसला मिळाला होता.

लॉरेन्स हा तरुण अध्यापक या इमारतींचा इतिहास लिहीत होता. माणसांपेक्षा भिंतींशी बोलणे त्याला सोपे जाई. त्या सकाळी मस्तक खाली उतरवले होते. त्यावरून नवे कोरायचे होते. मापे घेणे तेवढे बाकी होते. चहाला जाताना पाथरवट सिडने बजावले, "हात लावू नका साहेब. नुसत्या सालीवर उभा आहे तो. शिंकूसुद्धा नका."

मग अमॉसची विधवा हेस्टर आली.

"इतकी वर्षं मान वर करून बघतेय," ती म्हणाली. "घरात कधी एवढा गप्प बसला नाही. आणि शेजारचा तो बिशप बघा. ह्याच्याच हातचं खाऊन फुगलाय मेला."

"नवा अगदी असाच होईल, मिसेस टकवेल."

"व्हायलाच हवा. फोटो एकही नाही. कॅमेरा दिसला की चुलीकडे पळायचा." तिने हातमोजा काढला. "एकदा हात लावू का, बाळा?"

नकार ओठांपर्यंत आला. पण पुढे आलेला तो उघडा हात पाहून तिथेच विरला.

"हलकेच," लॉरेन्स पुटपुटला.

ताप पाहावा तसा तिने गालावर तळवा ठेवला. आवाज झाला नाही. गाल, नाक, ओठांच्या कोपऱ्यातली मिस्कील मुरड, सारे पिठासारखे घसरले. लॉरेन्सने दोन्ही हात पुढे केले; त्या भुकटीत काय धरायचे होते, त्यालाही कळले नाही.

सिड परतला आणि त्याने तो खडबडीत गोळा पाहिला.

"आता कशावरून कोरू?" तो हेस्टरकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा. नाक बसकं होतं की सरळ?"

हेस्टरने डोळे मिटले. "आवाज आठवतो," ती म्हणाली. "ॲप्रनचा वासही आठवतो. नाक..."

डोळे उघडून तिने पिवळ्या भुकटीने भरलेला तळवा लॉरेन्सपुढे धरला.

"हे कुठे ठेवू?"

अंगणात वारा सुटला होता. लॉरेन्सने आपल्या दोन्ही हातांचा आडोसा त्या तळव्याभोवती धरला आणि तसाच उभा राहिला.