कुसाबाईचा उजवा हात

भारतनं दसऱ्याला लाइटवर चालणारी स्कूटर घेतली तेव्हा अख्ख्या मखमलाबादनं त्याला वेड्यात काढलं. साल दोन हजार सात. लोडशेडिंगच्या वेळा बायकांना तोंडपाठ होत्या, गिरणीवर दळण कधी न्यायचं ते त्यावरून ठरायचं. अशा ठिकाणी हा पठ्ठ्या वायर लावून चार्ज करायची गाडी घेऊन आला. पण शोरूमवाल्यानं त्याची नस बरोबर ओळखली होती. "लायसन नको, पासिंग नको, विमा नको," असं त्यानं म्हटलं आणि भारत तिथंच पाघळला. जे जे टाळता येईल ते टाळण्यात त्याला फार मोठं शहाणपण वाटायचं.

गाडी बायकोसाठी, शुभांगीसाठी घेतली होती. गाडीचा हार मात्र आईनं केला. भारतची आई कुसाबाई म्हणजे सराफ बाजारातल्या फूलबाजारातली नावाजलेली माळीण. घरचा मळा, घरची फुलं, आणि गजरा असा की पंचवटीतल्या बायका त्यासाठी ताटकळत उभ्या राहायच्या. मांडी घालून बसायची, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायची, डाव्या हातानं कळ्या पुरवायची आणि उजव्या हाताची बोटं गाठी मारत सुटायची. तोंडानं गिऱ्हाइकाशी भांडण चालू असायचं. बोटांकडं ती बघायचीच नाही. "बघितलं का चुकतं," असं म्हणायची. तेवढा एक तोरा तिला होता, आणि तो शोभायचाही.

त्या दिवशी दुपारी अंगणात गाडीची पूजा मांडली. हँडलला झेंडूचा हार, पुढं कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं ते घरातल्या मोठ्या बाईनं, आणि गाडीवर बसायचं ते जिची गाडी तिनं, अशी त्यांच्याकडची रीत. आतापर्यंत या घरात एक लूना आणि एक सेकंडहँड मोटरसायकल आली, दोन्ही वेळेला रीत बिनबोभाट पार पडली, कारण पेट्रोलची गाडी चालू असली की बोंब मारते. हिला आवाजच नव्हता. भारतनं शेजाऱ्यांना लाइट आणि इंडिकेटर दाखवून झाल्यावर किल्ली तशीच चालू ठेवली होती. गाडी गप्प उभी होती, म्हणजे बंदच असणार, असं सगळ्यांनी धरलं. कुसाबाई लिंबू घेऊन पुढच्या चाकाशी वाकली. शुभांगीनं फोटोसाठी पदर नीट केला, हँडल घट्ट धरलं, आणि मूठ पिळली गेली.

गाडीनं उडी मारली. कुसाबाईचा उजवा पंजा चाक आणि ओट्याचा दगड यांच्यामध्ये सापडला. घाबरलेल्या शुभांगीनं मूठ सोडायची ती आणखी आवळली. भारतनं ओढून गाडी मागं घेतली तेव्हा लिंबू अख्खं होतं, हाताचा मात्र चेंदा झाला होता.

दवाखान्यात ऑपरेशन झालं, तारा घातल्या, प्लास्टर चढलं. आणि दुसऱ्याच दिवशी चंदर हजर झाला. हा चंदर अपघाताचे क्लेम करून द्यायचा. कुठं कुणी जखमी झालं याचा वास त्याला नातेवाइकांच्या आधी यायचा. गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात मसाला, आणि प्रत्येक बाईला मावशी म्हणायची सवय.

"गाडीचा विमा?" त्यानं विचारलं.

"लागतच नाय," भारत अजूनही कौतुकानं म्हणाला.

चंदर हसला. "भारतशेठ, कायद्यानं ही गाडीच नाय, खेळणं हे. हिच्यावर क्लेम लागत नाय. आन वर चालवणारी तुझीच बायको. आईला सुनेनं उडवलं असं कोर्टात सांगणार का?"

"मग?"

"दवाखान्यात काय लिहिलंय? गाडीचा धक्का. कुठल्या गाडीचा, ते नाय लिहिलेलं. विमावाली गाडी हे का कुणाची?"

भारतचा चुलतभाऊ लहानू याचा भाजीचा टेम्पो होता, कागदपत्रांसकट. लहानूनं वाटा ठरवून घेतला आणि मगच आपल्या काकूला उडवल्याचं कबूल केलं. गंगापूर रोडच्या वळणावर त्याच्या टेम्पोनं कुसाबाईला ठोकलं, असं चंदरच्या माहितीतल्या वकिलानं कागदावर उतरवलं. कुसाबाईनं आधी मान हलवली नाही. तेव्हा चंदर तिच्या कॉटवर टेकून बसला.

"मावशी, खरं सांगितलं तर पोलीस सुनबाईला घेऊन जातील. लेकरू आईविना ऱ्हाईल."

ही निव्वळ थाप होती. कुसाबाईनं ती खरी धरली आणि नातवासाठी मान हलवली. नातवाचं नाव काढलं की ही बाई काय वाटेल ते कबूल करते, हे चंदरनं कॉटवर बसता बसता ओळखलं होतं.

प्लास्टर निघालं. हात वाळलेला, पांढुरका, बोटं अर्धवट वाकलेली. डॉक्टरांनी तिच्या तळहातावर एक पिवळा रबरी चेंडू ठेवला. "रोज दाबायचा. दुखेल, रडू येईल, तरी दाबायचा. आत्ता बोटं हलवली तर हात परत येईल. हलवली नाहीत तर सांधे धरून बसतील, मग देवही काही करू शकणार नाही."

"गजरा बांधता यील?" कुसाबाईनं विचारलं.

"चेंडू दाबलात तर येईल."

एवढंच तिला हवं होतं. घरी आल्या आल्या तिनं चेंडू दाबायला घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि ती दात खाऊन दाबायची. आठवड्याभरात करंगळी हलली. तिनं ती नवऱ्याला, पुंजाला, बोलावून दाखवली. पुंजा हरखला. ही हरखलेली बातमी संध्याकाळी चंदरच्या कानावर गेली आणि तो तसाच घरी आला.

"अरे, क्लेम कशाचा हे? हाताचा. सर्टिफिकेटवर डॉक्टर लिहिणार का हात किती टक्के गेला. हात चांगला झाला तर काय, करंगळीचे पैसे मागायचे?"

भारतच्या डोक्यात पॉलिहाऊस होतं. जरबेरा लावायचा, मुंबईला पाठवायचा, उभं आयुष्य झेंडूत घालवायचं नाही. पॉलिहाऊसला भांडवल लागतं, आणि ते आईच्या उजव्या हातात आहे हे त्याला दिसायला लागलं होतं. त्यानं तिच्या मुठीतून चेंडू काढून घेतला. अगदी हळू, प्रेमानं काढला. त्या प्रेमाचीच चीड येते.

"आई, सर्टिफिकेट होऊ दे. मग दाब दिवसभर. मी सोता काढून देतो तुला."

"डॉक्टर म्हणला सांधे धरतील."

"डॉक्टर तसंच म्हनत्यात. महिन्या-दोन महिन्यानं काय होतं?"

चेंडू कपाटावर गेला. शुभांगी रोज सकाळी सासूचा हात झोळीत घालून गळ्यात बांधायची आणि गाठ मानेमागं मारायची, म्हणजे एका हातानं सुटायला नको. शुभांगी वाईट नव्हती. तिला रात्रंदिवस त्या लिंबाची आठवण यायची, आणि क्लेम मिळाला की आपल्या हातून झालं ते फिटलं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा कुसाबाई गाठ ढिली करून परातीतली कणीक दाबताना सापडली. शुभांगीनं परात ओढून घेतली.

"आत्याबाई, विमावाले बघाया येतात म्हने. कुनी पाहिलं तर?"

"बोटं धरून ऱ्हायली गं माझी. लाकूड झालंय."

"थोडे दिवस. माझ्याकरता."

बाजारात जायचंही बंद झालं. फुलं समोर आली तर तिचा हात आपसूक पुढं जाईल, अशी भारतला भीती. तिच्या जागेवर भागुबाई नावाची दुसरी माळीण बसायला लागली. तिच्या गजऱ्याच्या गाठी सैल असतात, असं कुसाबाईला कुणीतरी येऊन सांगितलं. तेवढ्यावर ती दोन दिवस खूश होती.

सर्टिफिकेटची तारीख लागली आणि पुढं गेली. डॉक्टर रजेवर. मग एक्स-रे जुना झाला, नवा काढा. मग निवडणुकीची गडबड. दर वेळी भारत म्हणायचा, "आता एवढी तारीख." शेवटी एकदाचा हात तपासला गेला. सरकारी डॉक्टरनं बोटं धरून ओढली, मागं वाकवली, कुसाबाई किंचाळली, पण बोटं जागची हलली नाहीत. डॉक्टरनं चष्म्यावरून भारतकडं पाहिलं. "व्यायाम केला नाही का यांनी?"

"लय केला, साहेब," भारत म्हणाला. "नशीब."

बाहेर आल्यावर चंदरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. आकडा त्याच्या मनासारखा आला होता. कुसाबाईनं लगेच चेंडू मागितला.

"आता कशाला घाई करती, मावशी," चंदर म्हणाला. "कोर्टात साक्ष बाकी हे. तिथं वकील हात बघल."

साक्षीचा दिवस दोन हजार नऊच्या एप्रिलात आला. सीबीएस स्टँडजवळचं कोर्ट, वर पंखा गरगरत होता. कुसाबाईला पढवलेलं सगळं नीट आठवलं. वळण, टेम्पो, लहानू. खोटं बोलताना तिनं जमिनीकडं पाहिलं, ते लोकांना दुःख वाटलं. मग विमा कंपनीचे वकील उठले. वयस्कर, गोड बोलणारे. त्यांना या दाव्यात पाणी मुरताना दिसत होतं, फक्त कुठं ते सापडत नव्हतं. हात धड असणार, बाई नाटक करते आहे, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी पिशवीतून केळीच्या पानाची पुडी आणि दोऱ्याची गुंडाळी काढली.

"बाई, तुम्ही गजरे करता ना? एक बांधून दाखवा."

पुडी उघडली. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या होत्या. भारत बाकावरून अर्धवट उठला. आईला फुलं दाखवायची नाहीत म्हणून दीड वर्ष जपलं, आणि या म्हाताऱ्यानं नेमकी तीच आणली. त्यानं हात जोडले आणि आईला जमू नये म्हणून तो सप्तशृंगीला नवस बोलला.

कुसाबाईला मोगऱ्याचा वास आला आणि ती टेम्पो विसरली, लहानू विसरली, कोर्ट विसरली. जज्जसाहेबांनी मान हलवताच ती खालीच बसली, मांडी घालून. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवला. मागं कुणीतरी हसलं. डाव्या हातानं जोडीच्या कळ्या उचलून दोऱ्याला लावल्या आणि सवयीनं मान वर करून समोर बघायला लागली, गाठ आता पडेलच म्हणून.

गाठ पडली नाही. कळ्या मांडीवर सांडल्या.

मग तिनं बोटांकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा गजरा बांधताना तिनं बोटांकडं पाहिलं. पुन्हा कळ्या लावल्या. उजवी तर्जनी दोऱ्याखाली न्यायला तिनं सगळा जीव एकवटला, खांदा वर आला, मानेच्या शिरा ताणल्या, बोट तसंच राहिलं. तिनं डाव्या हातानं ते बोट धरून वाकवायला घेतलं. कळी चुरगळली. दुसरी घेतली, तीही चुरगळली.

"ऱ्हाऊ द्या बाई," वकील म्हणाले.

"थांबा साहेब, जमतंय. एक गाठ. एकच."

"राहू द्या."

"मला यतं हो! मला झोपंत यतं!" ती ओरडली, आणि अंगठ्यात दोरा तसाच ठेवून रडायला लागली. लहान पोरासारखी, नाक गळेपर्यंत, कुणाची लाज न बाळगता. कोर्टात कुणी हसलं नाही. वकिलांनी कागद गोळा केले, आणखी काही विचारायचं नाही म्हणाले आणि खाली बसले. शिपायानं तिला धरून उठवलं.

बाहेर चिंचेखाली चंदरनं तिच्या पायालाच हात लावला. भारतचा चेहरा फुलला होता. त्यानं आईला खांद्याला धरून जवळ घेतलं.

"आई, काय ॲक्टिंग केली तू! मला सोताला खरं वाटलं. क्लेम पक्का."

कुसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डाव्या मुठीत चुरगळलेल्या कळ्या होत्या. तो थट्टा करत असेल असं तिला वाटलं, पण तो मनापासून बोलत होता.

"झालं ना आता सगळं?" ती म्हणाली.

"झालं. आता काय नाय बाकी."

"मग घरी गेल्याव माझा चेंडू दे काढून."

"कुठला चेंडू?" भारत म्हणाला, आणि जरबेऱ्याची रोपं तळेगावहून आणायची का पुण्याहून, ते चंदरला विचारायला लागला.