रोजच्या तीन रिक्षा

"बेटा, दिन की तीन रिक्शा में छह लाख के लोन की किस्त नहीं निकलेगी," असं म्हणत बँकेचे मॅनेजर चौरसियाजींनी फाइल परत सरकवली.

तीन? अहो, तीन तर भार्गवी आंघोळीच्या आधी हातावेगळ्या करायची. कॉलेजची चार वर्षं तिने उज्जैनमध्ये नानाखेड्याच्या घरापुढच्या शेडमध्ये ई-रिक्षा दुरुस्त केल्या होत्या. इंजिनियरची डिग्री आपली जाता जाता मिळाली. आता फ्रीगंजमध्ये गाळा मिळत होता आणि गाळेवाला शनिवारपर्यंतच थांबणार होता. कर्ज नाही, तर गाळा नाही. मग पुण्याची नोकरी, जी तिला मुळीच नको होती.

तिने अर्ज उघडला. अक्षर बाबांचं, सही तिची, न वाचता केलेली. अरविंदराव सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या हातचा कागद घरात कोणी तपासत नसे, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

"बाबा, तीन कुठून आणल्या तुम्ही?"

बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते. हळूच म्हणाले, "अगं, नऊ लिहिलं असतं तर म्हणाले असते, लडकी शेखी मारतेय. आपल्यात कमीच सांगतात."

पिढ्यान्पिढ्या नोकरी केलेल्या या मंडळींना नम्रतेचं भारी वेड. लेकीचं कोणी कौतुक केलं की "ठीक आहे हो, जमतं तिला थोडंफार" हे उत्तर ठरलेलं. भार्गवीने ते बावीस वर्षं हसून ऐकलं होतं. आज मात्र रडू फुटेल इतका तिला संताप आला.

"सर, ये गलत लिखा है. मैं रोज़ नौ करती हूँ."

"लोन अटकते ही सबकी कमाई बढ़ जाती है, बेटा."

"तो आकर गिन लीजिए. बिना बताए आइए."

मंगळवारी सकाळी ते खरंच न सांगता आले. रिक्षांची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. साहेब पुढे घुसायला लागले, तसं रईसभाई नावाच्या रिक्षावाल्याने त्यांना अडवलं, "लाइन से, अंकल. मैडम सबकी गाड़ी देखती हैं." चौरसियाजी मुकाट्याने मागे उभे राहिले आणि मोजत बसले. दुपारी एकपर्यंत नऊ झाल्या होत्या, दोन अजून बाकी होत्या.

"काकाजी, आपने तीन क्यों लिखा?" चौरसियाजींनी दारात उभ्या असलेल्या अरविंदरावांना विचारलं.

"झूठ न हो जाए, इसलिए कम लिखा."

"कम लिखना भी झूठ ही है. उसी से बिटिया का लोन रुका."

भार्गवीने ग्रीसचे हात पुसले, नवा अर्ज स्वतः भरला आणि नीट वाचून सही केली.

शुक्रवारी कर्जमंजुरीचं पत्र मिळालं. बँकेतून बापलेक टावर चौकात पोहे खायला गेले. पोहेवाल्याने सहज विचारलं, "किसका लोन हुआ, बाबूजी?"

"हमारी बेटी का," अरविंदराव म्हणाले. मग घसा साफ करून जरा मोठ्यानेच म्हणाले, "पूरे उज्जैन में इससे अच्छा मैकेनिक नहीं है."

तेवढ्याने त्यांचं भागेना. बाकावरच्या अनोळखी गृहस्थांनाही त्यांनी ते पत्रासकट ऐकवलं. भार्गवीने डोळे पुसले आणि पोह्यांची आणखी एक प्लेट सांगितली, कारण बाकावर आता दुसरे एक गृहस्थ येऊन बसत होते आणि बाबा त्यांच्याकडे वळले होते.