काखेतला कांदा

वरचा थर

उपग्रहावरच्या अवरक्त यंत्राला जीभ फुटली आहे. हवेचं तापमान आणि दमटपणा ते आता चाटून मोजतं. चाटण्याआधी दर वेळी त्याला स्वतःला जुळवून घ्यावं लागतं: एकदा रिकाम्या अवकाशाला चाटायचं, एकदा ठरावीक उष्णतेच्या काळ्या तबकडीला. तबकडी झिजली. तिच्या जागी हवामान केंद्राच्या प्रमुख मिराशी मॅडमनी मला बसवलं, कारण माझं अंग कायम सदतीस अंश असतं.

मधला थर

जीभ छतातून येते. राखाडी, खरखरीत, वाटेतल्या ढगांच्या घाणीनं बुळबुळीत. ती माझ्या डाव्या गालावरून फिरते, नाकपुडीत डोकावते आणि परत जाते. थुंकी वाळते न वाळते तोच पुन्हा येते. गालावर शेवाळ धरलं आहे. वासानं मला उमासे येतात, पण ओकायची परवानगी नाही. माझं अंग हललं की कोकणावर नसलेले ढग दिसतात.

मला घरी सोडा, असं मी मॅडमना म्हणालो. ताप आला तर सोडीन, त्या म्हणाल्या. तापलेलं माणूस प्रमाण म्हणून चालत नाही.

मग बायकोला, शर्मिष्ठाला, डब्यातून कांदा पाठवायला सांगितलं. शाळा बुडवायला लहानपणी काखेत धरायचो, तसा धरला. तो काखेतच शिजला. त्याचं चिकट पाणी कमरेपर्यंत ओघळलं. जिभेनं तेही चाटलं. मला ताप भरला, दात वाजू लागले.

मॅडमनी पडद्यावरचे आकडे पाहिले.

"ताप तुम्हाला नाही आला, केळुसकर. प्रमाण तुम्ही, म्हणजे तुम्ही सदतीसच. जग दोन अंशांनी गार झालंय."

"हात लावून बघा, मॅडम."

"लावला असता. पण हातच गार पडलाय माझा. आणि तो कांदा टाका हो, सबंध बंगालच्या उपसागराला वास मारतोय."

जमिनीलगतचा थर

शर्मिष्ठा मला न्यायला आली ती भर मे महिन्यात साडीवर स्वेटर घालून. ओठ निळे पडले होते. कोणाला विचारत बसू नका, चला, म्हणाली. मी उठलो. मग तिला माझा गाल दिसला आणि तिनं नाक मुरडलं.

"असे येणार घरी? थांबा, पुसते."

पदराचं टोक ओलं करायला तिनं जीभ बाहेर काढली. ती राखाडी होती. पदरापाशी येऊन ती थांबली नाही.