रविकांतरावांच्या कादंबरीतला मामा

रविकांतरावांच्या कादंबरीत सूर्य मरीनाच्या समुद्रात मावळतो. एकदा चुकून नव्हे, तीन-तीनदा. गृहस्थ पुण्याहून बदली होऊन मद्रासला आले, इथं चांगले रुळले, पण समुद्र पूर्वेला आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. नायिका सोळाची, नायक अठराचा. भर मे महिन्यात दोघं वाळूवर हातात हात घालून बसतात आणि घामाचा एक थेंब येत नाही. नायकानं तोंड उघडलं की दीड पान गेलंच. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माझ्या ओळखीची अठरा वर्षांची मुलं किती वाजले एवढं विचारतानाही अडखळत.

एग्मोरच्या आमच्या मराठी मंडळानं १९८१ साली त्या कादंबरीवर चर्चा ठेवली. मंडळात निम्मे आम्ही तंजावरी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, निम्मे बदलीवर आलेले महाराष्ट्रीय. एकमेकांचं मराठी ऐकून दोन्ही बाजू मनातल्या मनात हसायच्या. नव्या पिढीतर्फे मी बोलायचं ठरलं, कारण मंडळात मराठी वाचता येणारी नवी पिढी म्हणजे मी एकटीच.

"गोड बोल हां," अम्मानं बजावलं. "पोंगल झाला कीं तै महिन्यांत लग्न आहे तुझं. अस्के लोक बघतील, एकूणएक."

लग्न सुब्बामामाशी, म्हणजे अम्माच्या सख्ख्या धाकट्या भावाशी. आमच्यात मामा हाच नवरा. मी पाळण्यात असल्यापासूनच ठरलेलं. तो बँकेत होता, दर दिवाळीला माझ्यासाठी रेशमी परकर आणायचा. माणूस चांगला होता. पण मला कॉलेजात जायचं होतं, आणि मामाला मामाच म्हणायचं होतं.

मी गोड बोलले नाही. सूर्य काढला, घाम काढला, दीड पानांची वाक्यं वाचून दाखवली. लोक हसले, तशी मला आणखी चढली.

"एकच माणूस झकास जमलाय," मी म्हटलं. "नायिकेचा मामा. तिला परकर आणतो, चिंचा आणतो. घरातले सगळे तिचं परस्पर ठरवत असताना तो एकटाच तिला विचारतो, 'तुला काय हवंय?' आणि लगेच पुढच्या पानावर लेखकानं त्याला विषमज्वरानं मारून टाकलंय. का, ते लेखकच जाणे."

अध्यक्ष शेषगिरीराव ताडकन उठले. "का म्हणजे? पोरीनं फसवलं म्हणून मेला तो! इतकी वर्षं वाट पाहिली बिचाऱ्यानं, आणि ही परक्या पोराबरोबर वाळूंत बसते!"

तंजावरी बाजूच्या माना डोलल्या. मागच्या बाकावर एक बाई चक्क डोळे पुसत होती.

रविकांतराव गोंधळले. "वाट? कसली वाट? अहो, मामा आहे तो तिचा!"

"तेंच तर म्हणतों!"

"सख्खा मामा हो! वडिलांच्या जागी!"

महाराष्ट्रीय बाजूला कुणीतरी "शी!" म्हणालं. सभागृहातल्या सगळ्या माना अम्माशेजारी बसलेल्या सुब्बामामाकडे वळल्या. मला हे लग्न नको होतं, तरी त्या 'शी'चा मला भयंकर राग आला.

सुब्बामामा उभा राहिला.

"पुस्तक मींही वाचलं," तो म्हणाला. "ते मामानं पोरीला विचारलं. मीं कधीं विचारलं नाहीं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "विशालाक्षी, तुला काय पायजे?"

"अय्यो, तिला काय विचारणं!" अम्मा ओरडली.

"अक्का, तूं थांब."

"कॉलेज," मी म्हटलं. "लग्न नको."

"बरं," म्हणून तो खाली बसला.

सुब्बामामा काही विषमज्वरानं मेला नाही. चर्चेनंतर तो कॉफीच्या रांगेत उभा राहिला, रविकांतरावांना मद्रासचा सूर्य कुठून उगवतो ते त्यानं शांतपणे समजावलं. मी मात्र हवेत होते. उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. मग माझं लक्ष त्याच्या हातातल्या पेल्याकडे गेलं. पेला कलंडून अर्धी कॉफी शर्टावर सांडली होती, आणि सुब्बामामाला ते कळलंही नव्हतं. माझ्या परकरांचे रंग तो दुकानात तासभर बसून स्वतः निवडायचा, असं अम्मा नेहमी सांगायची.

शेषगिरीरावांनी पुस्तक बरोबर वाचलं होतं.